चांगला बर्गर कुठे, कधी आणि कसा खावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात मी मुलींची मेस चालवते. नांदेड, परभणी, बीड, हिंगोलीकडून नीटच्या तयारीला आलेल्या मुली माझ्याकडे दोन वेळा जेवतात आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. त्या एका संध्याकाळी काय खायचं याची चर्चा गुरुवारपासूनच सुरू होते. सात वर्षांपूर्वी त्यांच्यातल्याच दोघींनी मला हाताला धरून औसा रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका बर्गरच्या हॉटेलात नेलं, आणि तेव्हापासून मी तिथली नेमाची गिऱ्हाईक झाले. आता मुली विचारतात, त्यांचे आईवडील फोनवर विचारतात, माझी नणंद विचारते. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली.

हॉटेलचं नाव काय?

नाव इथे लिहीत नाही. टेबलं सहा आहेत, तवे दोन आहेत, आणि मालकांनीच सांगितलंय की, ‘ताई, याच्यापेक्षा जास्त माणसं आली तर हाताला उरक राहणार नाही.’ त्यांचं म्हणणं मला पटतं. पण चांगलं ठिकाण ओळखायचं कसं ते सांगते. तेवढं कळलं की तुमच्या गावातलं तुम्हीच शोधून काढाल.

मग चांगलं ठिकाण ओळखायचं कसं?

आधी तवा दिसतो का बघा. जिथे स्वयंपाक भिंतीआड होतो तिथे वाईटच मिळतं असं नाही, पण तवा समोर असला की सगळं कळतं. ऑर्डर दिल्यावर खिम्याचा गोळा तव्यावर पडला पाहिजे, आणि पडताक्षणी चर्र आवाज आला पाहिजे. आधीच तळून परातीत रचून ठेवलेल्या पॅट्या नुसत्या गरम करून देत असतील, तर चहा घ्या आणि उठा. आवाज आला नाही तर तवा तापलेला नाही. भाकरीचंही असंच असतं. तवा कोमट असेल तर भाकरीला डाग पडत नाहीत, पदर सुटत नाही, ती नुसती वाळते.

दुसरं, मेन्यू बघा. बर्गर, पिझ्झा, नूडल्स, पावभाजी, डोसा आणि शेवटी मटण थाळी असा दोन पानी कार्ड असेल, तर तिथल्या कुणाचाच हात एका पदार्थावर बसलेला नसतो. आमच्या ठिकाणी चार बर्गर आहेत, फ्राईज आहेत आणि ताक आहे. बस.

तिसरं, वेळ. बसल्यापासून बर्गर हातात यायला दहा-बारा मिनिटं लागली तर ती चांगली खूण समजा. अमेरिकेत झटपट बर्गरची पद्धत रूढ झाली ती मॅक्डोनल्ड बंधूंमुळे. १९४८ साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोतलं आपलं हॉटेल बंद ठेवलं, स्वयंपाकघराची नव्याने मांडणी केली आणि एकेका माणसाला एकेकच काम वाटून दिलं. ती कारखान्याची शिस्त होती आणि तिच्यामुळे बर्गर जगभर गेला. पण सहा टेबलांच्या हॉटेलात ती घाई कशाला?

आणि स्वच्छता. तवा उघड्यावर ठेवण्याची कल्पना जुनीच आहे. १९०६ च्या सुमाराला अमेरिकेत मांसाच्या कारखान्यांतली घाण उघडकीला आली, त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला, आणि लोक खिम्याकडे संशयाने बघू लागले. १९२१ साली कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावात व्हाइट कॅसल नावाची दुकानं निघाली. त्यांनी सगळं पांढरं केलं, कामगारांना स्वच्छ कपडे दिले आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत बर्गर भाजायला सुरुवात केली. किंमत पाच सेंट. लोकांचा विश्वास परत आला तो डोळ्यांनी बघून. आमचे मालक उलथनं पुसायला दोन वेगळी फडकी ठेवतात, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. त्याच दिवशी मी ठरवलं की मुलींना इथे पाठवायला हरकत नाही.

हॅम्बर्गरमध्ये हॅम, म्हणजे डुकराचं मांस असतं का?

नाही. हा प्रश्न पालकांकडून सगळ्यात जास्त येतो. हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलंय. लातूरचा तो लातूरकर, तसा हॅम्बुर्गचा तो हॅम्बर्गर. एकोणिसाव्या शतकात त्या बंदरातून असंख्य लोक जहाजाने अमेरिकेला गेले आणि ‘हॅम्बुर्ग स्टेक’ या नावाने खिम्याची भाजलेली वडी तिथल्या हॉटेलांत मिळू लागली. पुढे ती पावात गेली. ती पहिल्यांदा पावात कुणी घातली यावर अमेरिकेतली चार-पाच गावं अजून आपापला हक्क सांगतात. नंतर लोकांनी शब्द मधूनच तोडला, ‘बर्गर’ वेगळा काढला आणि त्याला चीज, चिकन, काय वाटेल ते जोडलं. म्हणजे आज आपण जे बोलतो ते ‘लातूर’ सोडून नुसतं ‘कर’ म्हटल्यासारखं आहे, आणि तेच आता सगळ्या जगात चालतं.

तिकडे तो गोमांसाचा असतो ना? मग इथे कशाचा मिळतो?

अमेरिकेत मूळ बर्गर गोमांसाचाच. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासून बंदी होती, मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आली. आमच्या ठिकाणी फक्त चिकन, मटण आणि शाकाहारी. मॅक्डोनल्ड्स १९९६ मध्ये भारतात आलं तेही गोमांस वगळूनच आलं, त्यामुळे आपल्याकडे बर्गर म्हणजे बटाट्याची किंवा चिकनची पॅटी असंच बहुतेकांच्या डोक्यात बसलंय.

हलाल असतं का?

आमच्या ठिकाणी असतं. दुसरीकडे गल्ल्यावर सरळ विचारा. चांगला मालक मांस कुठून येतं ते लपवत नाही.

मटणाचा घेऊ की चिकनचा?

पहिल्यांदा जात असाल तर मटणाचा घ्या. चिकनचा बर्गर कुठेही बरा मिळू शकतो. मटणाचा चांगला मिळणं अवघड आहे, आणि आपल्या भागात तो चांगला होण्यासारखी परिस्थिती आहे.

उस्मानाबादी शेळी धाराशिव-लातूरकडची. बहुधा काळी, काटक, दुष्काळातही बाभळीच्या शेंगांवर तग धरणारी. तिचं मटण चवीला चांगलं म्हणून नावाजलेलं आहे, पण त्यात चरबी कमी असते. रश्श्यात ते चालतं, कारण आपण वरून तेल घालतो आणि तासभर शिजवतो. तव्यावर मात्र तसा कोरडा खिमा टाकला तर सहा मिनिटांत त्याचा भुसा होतो. बर्गरला चरबी लागते, साधारण पाच भागांत एक भाग. म्हणून मालक खाटकाकडून मांडी आणि खांद्याचं मटण घेतात आणि चरबी वेगळी मागून घेऊन खिम्यात मिसळतात. ते आधी हैदराबादला एका मोठ्या हॉटेलात होते. तिथे कबाब शिकले, पण म्हणतात की बर्गर शिकताना कबाब विसरावा लागला.

ही गोष्ट मला फार आवडली, म्हणून थोडी सविस्तर सांगते. कबाबाचा खिमा मीठ घालून खूप मळतात. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात, चिकट होतात आणि खिमा सळईला धरून राहतो. कबाबाला तेच हवं असतं. बर्गरचा खिमा मात्र मळायचाच नाही. हलक्या हाताने गोळा करायचा आणि मीठ तव्यावर टाकायच्या क्षणी वरून लावायचं. म्हणजे आत मोकळेपणा राहतो, दाताखाली तो सुटा होतो आणि रस त्या फटींमध्ये थांबतो. पुरणाची कणीक आणि भाकरीचं पीठ एकाच हाताने मळून चालत नाही, हे ज्याला कळतं त्याला हेही कळेल.

चिकनचा घ्यायचाच असेल तर तो मांडीच्या मांसाचा आहे ना एवढं विचारा. छातीचा असेल तर कोरडा निघणार.

पॅटी वरून काळपट असते. जळलेली असते का?

जळलेली कडू लागते. ही गडद तपकिरी असते आणि खमंग लागते, खरी चव तिथेच असते. १९१२ साली लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे पहिल्यांदा मांडलं. प्रथिनांतले घटक आणि साखर यांना जोराची उष्णता मिळाली की त्यांच्यापासून शेकडो नवे वास आणि रंग तयार होतात. भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, भाकरीवरचे डाग, पाव भाजतानाचा घमघमाट, सगळी तीच किमया.

यासाठी १४० अंशांच्या वर उष्णता लागते, आणि पाणी तर १०० अंशांवरच उकळतं. म्हणजे पृष्ठभाग ओला आहे तोवर तो तपकिरी होणारच नाही, नुसता वाफेवर शिजेल. म्हणून पॅटी कोरडी करून टाकायची आणि तव्यावर गर्दी करायची नाही. रविवारी एका तव्यावर आठ-आठ पॅट्या असतात, तवा थंडावतो आणि रंग फिका येतो. मालकांना ते दिसतं, मलाही दिसतं.

आतून थोडी गुलाबी मिळेल का? व्हिडिओत तशी दाखवतात.

मागू नका. अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू बाहेरून असतात, ते भाजताना मरतात. खिमा करताना तेच जंतू आतपर्यंत मिसळतात. मटणाच्या खिम्याचं आतलं तापमान ७१ अंश आणि चिकनचं ७४ अंश व्हायलाच हवं. मालकांकडे सुईचा थर्मामीटर आहे आणि ते तो खरोखर वापरतात. रस हवा असेल तर तो चरबीतून आणि मोकळ्या खिम्यातून येतो. कच्चं ठेवून मिळवायची ती गोष्ट नाही.

वडापाव असताना बर्गर कशाला?

वडापाव मला मनापासून आवडतो आणि मी दोघांची तुलना करत नाही. वडापावात चव मसाल्याची आणि चटणीची असते. बर्गरमध्ये ती मांसाची आणि तव्याची असते, मसाला नावापुरता, मीठ आणि मिरी. आपल्याकडे बर्गर बिघडतो तो इथेच. लोकांना फिका वाटेल या भीतीने पॅटीत गरम मसाला, आलं-लसूण, कोथिंबीर, सगळं कोंबतात. मग तो पावातला कबाब होतो. चांगला लागेलही, पण बर्गर खाल्ल्याचं समाधान देत नाही. तिखट हवं असेल तर शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा मागा. आमच्या ठिकाणी तो छोट्या वाटीत येतो, आत घालत नाहीत.

चीज घालू की नको?

मटणावर घाला. चिकनवर नको असं माझं मत आहे. स्लाइसचं चीज मुद्दाम वितळण्यासाठीच बनवलेलं असतं. त्यातल्या क्षारांमुळे ते तापल्यावर तेल सुटत नाही, एकजीव राहून पॅटीला लपेटून बसतं. ते पॅटी तव्यावर असतानाच वर ठेवून, बाजूला चमचाभर पाणी टाकून झाकण घातलेलं असावं. ताटात आल्यावर वर ठेवलेली थंड स्लाइस म्हणजे वाया गेलेलं चीज.

तो तव्यावर दाबलेल्या कांद्याचा बर्गर काय असतो?

हा माझा सगळ्यात आवडता. कांदा पातळ, जवळजवळ पारदर्शक चिरायचा. खिम्याचा गोळा तापलेल्या तव्यावर ठेवायचा, त्यावर मूठभर कांदा आणि वरून जड उलथन्याने दाबून चपटा करायचा. उलटला की कांदा खाली जातो, चरबीत भाजला जातो आणि मांसात अर्धा विरघळतो. गोड, कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ.

ही पद्धत अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातली, एल रीनो नावाच्या छोट्या गावातली. शंभरेक वर्षांपूर्वी दिवस कठीण होते, मांस महाग होतं, कांदा स्वस्त होता. थोड्या मांसात जास्त माणसांचं भागवायचं म्हणून तिथल्या हॉटेलवाल्यांनी कांदा वाढवला. पुढे दिवस पालटले तरी लोकांनी तो सोडला नाही, कारण तो चवीलाच चांगला निघाला.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला माझी आई आठवली. बहात्तरच्या दुष्काळात घरात नऊ माणसं होती. पाव किलो मटण आणलं तर ती त्यात दोन किलो कांदा परतायची आणि येसर घालून रस्सा सगळ्यांना पुरवायची. आजही आमच्या घरी मटणाला कांदा तेवढाच लागतो, आता किलोभर आणलं तरी. एल रीनोचं ते गाव मी कधी बघणार नाही, पण तिथल्या बायांना मी ओळखते असं मला वाटतं.

पातळ पॅटी दाबायची ती मात्र पहिल्या अर्ध्या मिनिटात, चरबी अजून घट्ट असताना. नंतर दाबली तर रस तव्यावर जातो. कुणी भाजत आलेली जाड पॅटी उलथन्याने दाबताना दिसला तर समजा, त्याला कुणी शिकवलेलं नाही.

बन कसा असावा?

मऊ, पण भिजल्यावर न फाटणारा. दूध आणि थोडं लोणी घातलेला बन चालतो. लादीपाव फार हलका असतो, रस लागला की विरतो. आतल्या दोन्ही बाजू लोण्यावर तव्यावर भाजलेल्या हव्यात. त्या भाजलेल्या थरामुळे रस लगेच पावात मुरत नाही. आमच्या ठिकाणी बन जवळच्या बेकरीतून दुपारी चारला येतात. तीनला गेलात तर कालचे मिळतील.

मी शाकाहारी आहे. मला तिथे काय मिळेल? तवा वेगळा असतो का?

तवा वेगळा, उलथनं वेगळं, फ्राईजची कढईसुद्धा वेगळी. तरीही तुमच्या गावातल्या ठिकाणी हे विचारून घ्या, आणि विचारताना संकोच करू नका.

नेहमीची पॅटी राजमा आणि उकडलेल्या बटाट्याची आहे. बरी आहे. पण मार्गशीर्ष-पौषात या. तेव्हा शेतातून हुरडा येतो आणि मालक त्याची पॅटी करतात. कोवळा ज्वारीचा दाणा, थोडा पनीरचा चुरा, हिरवी मिरची, लसूण, बांधणीला किंचित बेसन. शाकाहारी पॅटीचा नेहमीचा दोष असा असतो की ती लगद्यासारखी लागते, दाताला काही सापडत नाही. हुरड्याचा दाणा दाताखाली फुटतो आणि दुधाळ गोड लागतो. वर दाण्याची चटणी लावलेली असते. मांसाच्या बर्गरची नक्कल करायला ती जात नाही, म्हणूनच ती इतकी चांगली आहे. माझ्या माहितीत मांसाहारी असूनही त्या दोन महिन्यांत फक्त हाच बर्गर खाणाऱ्या चौघी आहेत.

पार्सल मिळेल का?

मिळतं. नेऊ नका.

यावर माझं मुलींशी दरवेळी बोलणं होतं, म्हणून जरा मोठं उत्तर देते. चार वर्षांपूर्वी मी तीन मटण बर्गर बांधून घेतले आणि उदगीरला भावाकडे गेले. अण्णांना, म्हणजे वडिलांना, ते खाऊ घालायची फार इच्छा होती. एसटीत दोन तास डबा मांडीवर धरून बसले. घरी उघडला तर वाफेने बन ओला होऊन चिकटलेला, चरबी थिजून पांढरी झालेली, टमाट्याचं पाणी सुटलेलं. भावजयीने तव्यावर गरम करून बघितलं, पण पॅटी आणखी कडक झाली. अण्णांनी माझं मन राखायला अर्धा खाल्ला. मला रडू आलं होतं.

पुढच्या महिन्यात दवाखान्याच्या कामाने अण्णा लातूरला आले, तेव्हा त्यांना सरळ हॉटेलात नेलं. तव्याजवळच्या टेबलावर बसवलं. त्यांनी सगळं बघितलं, गोळा पडला तो, उलटला तो, बन भाजला तो. बर्गर समोर आला तेव्हा मी म्हटलं, अण्णा, थोडा निवू द्या. ते म्हणाले, ‘निवल्यावर काय राहतंय गं त्यात? भाकर आन् हे सारखंच. गरम हाय तवर खायाचं.’ आणि सगळा संपवला, बोटं चाटून.

त्या दिवसापासून मी हेच सगळ्यांना सांगते. पहिल्या पाच मिनिटांतला बर्गर आणि वीस मिनिटांनंतरचा बर्गर हे दोन वेगळे पदार्थ आहेत. मेसमध्ये मी रोज शंभरावर भाकरी थापते आणि पहिल्या पंगतीला तव्यावरची देते, शेवटच्या पंगतीला दुरडीतली. पीठ तेच, हात तोच. पण पहिल्या पंगतीच्या मुली मागून घेतात आणि शेवटच्या पंगतीच्या उरवतात. म्हणून ज्यांना खाऊ घालायचंय त्यांना घेऊन जा. बर्गर त्यांच्याकडे नेऊ नका.

फोटो काढेपर्यंत तरी थांबू का?

एक काढा. लगेच.

धरायचा कसा? सगळा सांडतो.

दोन्ही अंगठे आणि करंगळ्या खाली, बाकीची बोटं वर. कागद पूर्ण सोडू नका, खालचा अर्धा गुंडाळलेलाच ठेवा आणि खात जाल तसा उलगडत जा. वरचा बन जाड असतो आणि खालचा पातळ असतो, म्हणून मी बर्गर उलटा धरते. रस जाड बाजूला झिरपतो आणि पाव फाटत नाही. एकदा उचलला की खाली ठेवायचा नाही.

सुरी-काट्याने खाणं चूक नाही. दाताचा त्रास असलेल्यांना आणि वयस्कर माणसांना मालक मधोमध कापून देतात. एवढंच की जमिनीपासून वीतभर उंच, मध्ये काडी खुपसलेला बर्गर कुणालाच नीट खाता येत नाही. सगळे थर एका घासात आले नाहीत तर थर कशाला रचायचे?

सोबत काय घ्यावं?

ताक. जिरं आणि काळं मीठ घातलेलं, थंड. मटणाच्या चरबीनंतर आंबट-खारट काहीतरी लागतंच. कोल्ड्रिंकने गोडवा चढतो आणि चव बुजते.

फ्राईज दोघांत एक पुरतात. त्या दोनदा तळलेल्या हव्यात. आधी मध्यम आचेवर आतून शिजेपर्यंत, मग बाहेर काढून निवल्या की तेल कडक तापवून पुन्हा. एकदाच तळलेल्या फ्राईज ताटातच मान टाकतात.

मेयोनीज चालतं का? उन्हाळ्यात भीती वाटते.

भीती योग्य आहे. खरं मेयोनीज कच्च्या अंड्याचं असतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. शेजारच्या तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली होती. आमच्या ठिकाणी ते ठेवतच नाहीत. त्याऐवजी दह्याचा चक्का, लसूण, थोडं तेल आणि मोहरीची पूड घोटून सॉस करतात आणि तो फ्रीजमध्ये असतो. दुसरीकडे शंका आली तर ‘सॉस नको’ एवढं म्हणा. चांगल्या पॅटीला सॉस नसला तरी काही अडत नाही.

मुलगी तिकडे रोज जाते का हो?

नाही. महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा. हा प्रश्न फोनवर हळू आवाजात येतो, म्हणून खरं उत्तर देते. एक बर्गर आणि फ्राईज म्हणजे पूर्ण जेवण झालं, त्यानंतर रात्री वेगळं जेवण नको. त्यात मीठ आणि चरबी भरपूर असते, रोजचं ते अन्न नव्हे. पण रविवारची टेस्ट देऊन आलेली, घरापासून शंभर-दीडशे किलोमीटर दूर राहणारी सतरा वर्षांची मुलगी मैत्रिणींबरोबर एका टेबलावर बसून गरम काहीतरी खाते आणि तासभर मार्कांविषयी बोलत नाही. तिला त्याची गरज असते. मी रोज त्यांचे चेहरे बघते. कृपा करून तिला त्यावरून बोलू नका.

कोणत्या दिवशी जावं?

बुधवार किंवा शुक्रवार, संध्याकाळी साडेचार ते सहा. आपल्याकडे बरेच लोक सोमवारी, गुरुवारी, शनिवारी खात नाहीत, त्यामुळे खाटकाकडे ताजा माल बुधवार, शुक्रवार, रविवारी जास्त असतो. रविवारी गर्दी असते. श्रावणात मटणाचा बर्गर बंदच असतो.

घरी करता येईल का?

येईल. लोखंडी तवा हवा, निर्लेप नको. पाव किलो मटण खिम्यात दोन पॅट्या होतात. खाटकाला चरबी घालून एकदाच मशीनमधून काढायला सांगा आणि त्याच दिवशी वापरा. गोळा हलक्या हाताने करा, बनपेक्षा बोटभर मोठा थापा, कारण तो आकसतो. मध्ये अंगठ्याने खळगा करा, नाहीतर पॅटी फुगून चेंडूसारखी होते. मग झाकून फ्रीजमध्ये ठेवा. तवा धूर निघेपर्यंत तापवा, मीठ-मिरी तेव्हाच लावा, टाका आणि हात मागे घ्या. कडेने तपकिरी दिसेपर्यंत हलवू नका. एकदाच उलटा.

पत्ताकोबी घालणार असाल तर अगदी बारीक चिरून, मीठ-लिंबू लावून, पिळून घ्या. टमाट्याच्या चकत्या कागदावर ठेवून पाणी टिपून घ्या. आणि घरच्यांना आधी ताटावर बसवा, पॅटी नंतर टाका.

सोमवारी सुरू असतं का?

बंद असतं. सोमवारी मालक दोन्ही तवे खरवडून, घासून, तेल लावून ठेवतात. मंगळवारी तवा पुन्हा रुळायला थोडा वेळ घेतो, पहिल्या काही पॅट्यांना रंग जरा कमी येतो. बुधवारी दुपारी मेसची भांडी आवरली की मी निघते, आणि पावणेपाचला तव्याजवळच्या टेबलावर असते.